सगळी अक्षरं म्हणणारे सर

आमच्या घरमालकांना बुधवार इंग्रजीत म्हणायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागायचा. बाकीचं जग 'वेन्सडे' म्हणून मोकळं व्हायचं. सर म्हणायचे, 'वेड-नेस-डे'. त्यातला 'डी' ते जिभेवर नीट ठेवायचे, त्याला त्याचा वेळ द्यायचे आणि मगच पुढे सरकायचे. चहाच्या गाडीवर ते 'हाफ' मागत नसत, 'हाल्फ' मागत. सकाळी तळ्याच्या बाजूला चक्कर मारायला जायचे ते 'मॉर्निंग वाल्क'. सुरी म्हणजे 'क्नाइफ'. आपलं म्हणणं कोणी ऐकावं असं वाटलं की ते बोट वर करून म्हणायचे, 'लिस-टेन'.

मी तेव्हा कारेगावजवळच्या एका कंपनीत डिस्पॅचला नुकतीच लागले होते. वरवंडची मुलगी, घरात आजोबांपर्यंत मेंढरं, पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. शिरूरला सरांच्या घराची वरची खोली मी आणि वैशाली अशा दोघींनी मिळून घेतली होती. वैशाली शिरूरमधल्याच एका लहान दवाखान्यात नर्स होती. खाली सर आणि त्यांच्या पत्नी राहायचे. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. दोघांना मूलबाळ नव्हतं. सर दौंडच्या एका सरकारी कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, गळ्याचं बटण कायम लावलेलं. इंग्रजी इतकं जपून बोलणाऱ्या या माणसाची मराठी मात्र वडगाव रासाईची होती, नदीकाठची, ऐसपैस. ती बदलावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

पहिले काही दिवस माझी समजूत अशी की यांना उच्चार येत नसावेत. एकदा धीर करून मी सांगितलं, की सर, वेन्सडेमधला 'डी' सायलेंट असतो. ते रागावले नाहीत. लिहिता येतो का तुला तो शब्द, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतो की. त्यांनी ओट्यावरची पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली आणि शहाबादी फरशीकडे बोट केलं. मी ओल्या बोटानं लिहायला लागले आणि मधेच अडकले. 'एन' आधी की 'ई' आधी, आणि तो 'डी' नक्की कुठं, काही केल्या आठवेना. अंदाजानं लिहिलं ते चुकलं.

"बघ," सर म्हणाले, "ज्याला हाक मारत न्हाईस, त्योच हरवतो."

तोवर फरशी वाळली होती आणि माझी चूकही उडून गेली होती.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. शब्द जसा लिहिलाय तसा बोलायचा, एकही अक्षर गाळायचं नाही, मग स्पेलिंग कशाला चुकतंय? लिहायचं एक आन् बोलायचं एक, ही खोड माणसाची, ती शब्दाला कशाला लावायची, असं ते म्हणायचे. जे शब्द असे सरळ बोलून वश होत नसत त्यांच्यासाठी त्यांनी मराठीतून युक्त्या शोधल्या होत्या. 'नेसेसरी'मध्ये 'सी' एक आणि 'एस' दोन. म्हणून एक चहा, दोन साखर. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन 'सी', दोन 'एम'. पाहुणे राहायला आलेत, तर दोन चहा, दोन माणसं. 'एम्बॅरस' म्हणजे लाजून मेल्यासारखं होणं. त्यात 'आर' दोन आणि 'एस' दोन. सर सांगायचे, लाज वाटली की दोनदा रडायचं आन् दोनदा सावरायचं. मी आजही कंपनीच्या मेलमध्ये हे शब्द लिहिताना मनातल्या मनात चहा मोजते.

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून सर घरी आले की ओट्यावर वर्ग भरायचा. फी नाही, पुस्तक नाही. येणारी सगळी मोठी माणसं. कारेगावला राहणारा एक लाइन सुपरवायझर यायचा, त्याच्या हाताखाली चाळीसेक पोरं होती. कंपनीच्या गेटवरचा एक बिहारी गार्ड यायचा, तो 'सरजी' म्हणायचा. एक अंगणवाडीताई यायच्या, कधी कधी भाजीची पिशवी घेऊनच. पोरासोरांना शिकवायला सरांनी कायम नकार दिला. पोरांना चुकायला शाळा असती, मोठ्या माणसाला चुकायला कुठं जागाच नसती, असं ते म्हणाले होते.

हे किती खरं होतं ते मला त्या सुपरवायझरकडून कळलं. त्याला शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागायचा. 'मेंटेनन्स'चं स्पेलिंग त्याला कधीच धड आलं नव्हतं, म्हणून मशीन दुरुस्तीला गेलं तरी तो 'मशीन स्टॉप' एवढंच लिहायचा. 'इमिजिएटली' येत नाही म्हणून 'फास्ट' लिहायचा. वरच्या साहेबाला वाटायचं, या माणसाला नीट सांगता येत नाही. हे सांगताना तो फरशीकडे बघत होता. वर्गात हसायला बंदी होती. कोणी हसलंच तर त्यानं आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकायचा. सुपरवायझर बोलला त्या दिवशी चहा टाकायला कोणालाच जावं लागलं नाही.

मावशींचं पोट बिघडलं होतं तेव्हाची गोष्ट. मी आणि सर औषध आणायला मेडिकलमध्ये गेलो. सरांनी काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, 'डाय-अर-र्‍होए-आ'साठी गोळ्या द्या. त्याला काही उमगेना. सरांनी न चिडता पुन्हा म्हटलं, एकेक अक्षर सोलून काढल्यासारखं. दुकानातली बाकीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मीच पुढे होऊन म्हटलं, दादा, लूज मोशनच्या. गोळ्या मिळाल्या. परत येताना सरांनी गोळ्यांची पुडी शर्टाच्या खिशात नीट ठेवली. मग म्हणाले, "ह्यो एक शब्द मी लई उशिरा शिकलो." मी पुढे विचारलं नाही. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

वैशाली सरांची सगळ्यात लाडकी. ती न्हावऱ्याकडच्या एका वाडीतली, बोलायला लाजाळू, पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही. पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात नर्स हव्या होत्या. लेखी परीक्षा इंग्रजीत, मग मुलाखत. तिनं सरांना सांगितलं आणि त्यानंतर रविवारची वाट बघणं बंद झालं. ड्युटीवरून आली की ती ओट्यावर बसायची आणि सर समोर. गुडघा 'क्नी'. मनगट 'व्रिस्ट'. स्नायू 'मस्कल'. पोट 'स्टोमॅच', शेवटी स्वच्छ 'च' म्हणायचा. न्यूमोनियाच्या आधीचा 'प' ती असा फोडायची की मावशी आतून म्हणायच्या, "आगं, दात पडतील."

दवाखान्यात वैशाली चारचौघांसारखंच बोलायची. हे बोलणं फक्त स्पेलिंगसाठी आहे, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आठवडेच्या आठवडे ती रोज मोठ्यानं म्हणत राहिली. मी रात्रीचा स्वयंपाक करताना तिच्या सुरात सूर मिसळायची. आम्हाला मजा वाटायची.

परीक्षा देऊन ती आली तेव्हा सर जिन्याच्या पायरीवर बसून होते. पेपर कसा गेला विचारलं. ती म्हणाली, छान गेला, एकही स्पेलिंग चुकलं नाही. आणि मुलाखत? तीही बरी झाली, असं म्हणून ती भराभर वर आली. सर आनंदानं बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. वर खोलीत वैशालीनं पर्स न काढताच पलंगावर बसून मला खरं सांगितलं.

मुलाखतीत तिच्या हातात एका पेशंटची केस दिली होती, मोठ्यानं वाचायला. तीन जण समोर. पहिल्याच ओळीत गुडघा होता. घाबरलेल्या तोंडातून 'क्नी' निघून गेलं. एक जण हसला. ती बावरली, आणि मग तिचं तोंड तिच्या ताब्यात राहिलंच नाही. इतके दिवस ज्या वाटेनं चालवलं त्याच वाटेनं ते धावत सुटलं. स्टोमॅच, मस्कल, प्न्युमोनिया, सगळं सरांच्या आवाजात. शेवटी एकानं विचारलं, "सिस्टर, हे कुठल्या देशाचं इंग्लिश?" आणि तिघंही हसले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, असंही ती म्हणाली. त्यांना खरंच वाटलं असेल की मी गंमत करतेय.

"सरांना सांगू नको," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. पेढे आम्ही खाल्ले.

निवड झाली नाही, हे कळवणारा मेल आला तेव्हा सरांचा विश्वासच बसेना. एकही स्पेलिंग न चुकता मुलगी नापास कशी? त्यांच्या मनात दुसरी शंका आली. वैशाली त्यांच्याच समाजातली होती, आणि त्यांच्या पिढीच्या माणसाच्या मनात ती शंका आधी येते. ती यावी असं त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलंही होतं. ते म्हणाले, मी जाऊन विचारतो. वैशालीनं परोपरीनं सांगितलं, की सर, राहू द्या, दुसरीकडं अर्ज करते. ते ऐकेनात. मावशींनी मला बाजूला घेतलं आणि यांना एकटं सोडू नको म्हणाल्या. मी रजा टाकली.

सरांनी कोट घातला होता. रुग्णालयातल्या ज्या बाई आम्हाला भेटल्या त्या चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, वैशालीचा पेपर काढून बघितला. लेखीत ती सगळ्यांत वर होती, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. फक्त वॉर्डात डॉक्टरांशी, पेशंटशी सतत बोलावं लागतं, आणि तिचं बोलणं… त्या शब्द शोधत थांबल्या. सरांना वाटलं, आपली बाजू मांडायची वेळ हीच. ते ताठ बसले आणि इंग्रजीत म्हणाले, की या मुलीला पूर्ण 'क्नोव-लेड्ज' आहे, तुम्ही तिला 'हाल्फ' संधी तरी द्या.

शेजारच्या टेबलावर एक तरुण बसला होता. त्यानं पटकन मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी त्याच्याकडे रागानं बघितलं, आणि त्या रागानंच सगळं उघड केलं. सरांनी त्या तरुणाकडे बघितलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मी नजर वळवली. त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी हात जोडले, थँक्यू म्हणाले आणि उठले.

एसटीत ते खिडकीपाशी बसले. वाघोली गेली, शिक्रापूर गेलं. रांजणगाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, तुला माहीत होतं का? मी हो म्हटलं. ती तिथं तसंच बोलली का? मी पुन्हा हो म्हटलं. तिला काय म्हणाले, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्यापुढे ते सुचलं नाही. कुठल्या देशाचं इंग्लिश, हे मी सांगितलं.

सरांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"म्हंजी मी तिला नेऊन माझ्याच खुर्चीत बसवलं," ते म्हणाले.

ती खुर्ची कोणती, हे मला दुसऱ्या दिवशी मावशींनी सांगितलं. आम्ही दोघी मागच्या अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. सर दौंडला कचेरीत नवीन लागले होते तेव्हा गावाकडनं निरोप आला, की वडिलांना जुलाब-उलट्या लागल्यात, ताबडतोब या. साहेबाला रजेचा अर्ज इंग्रजीत लागायचा. सरांनी डायरियाचं स्पेलिंग ऐकीव अंदाजानं लिहिलं. साहेबानं अर्ज हातात घेतला आणि मोठ्यानं विचारलं, का रे, वडिलांची डेअरी आहे का? सगळी कचेरी हसली. साहेबही हसत म्हणाला, दुरुस्त करून आण, लगेच सही करतो.

"म्या किती येळा म्हणलं यांना," मावशी म्हणाल्या, "आवं, 'आजारी' लिवायचं, 'ताप' लिवायचं. न्हाईतर उठून चालू लागायचं, कोन धरून ठिवनार हुतं? पर न्हाई. कपाटातली डिक्शनरी काढली आन् बसलं हुडकत. आता जो शब्द लिवता येत न्हाई त्यो डिक्शनरीत घावनार कसा?"

सर हुडकत राहिले. 'डी'नंतर 'ए' बघितला, 'वाय' बघितला, 'आय'नंतर 'आर' बघितला. आजूबाजूचे येता-जाता डेअरीचं विचारत होते. शब्द सापडला तेव्हा जेवणाची सुट्टी उलटून गेली होती. साहेबानं खरंच लगेच सही केली. सर वडगावला पोचले तेव्हा माणसं दारात बसलेली होती, यांचीच वाट बघत. वडील दुपारी गेले होते. जायच्या आधी दोनदा त्यांनी विचारलं होतं, पोरगं आलं का.

मावशी शेंगा फोडत राहिल्या. "साहेबाचा राग न्हाई त्यांना," त्या म्हणाल्या. "राग सोताचाच. उठलो का न्हाई, म्हनत्यात."

त्या रविवारी वर्गाला सगळे आले. सर बाहेर आले, पण बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं की वर्ग बंद. मी शिकवलं ते लिहिताना वापरा, पण तसं बोलू नका, लोकांत तर मुळीच नको. सुपरवायझर चकित झाला. तो म्हणाला, सर, माझ्या रिपोर्टात आता एक चूक नसती, मला लोकं विचाराय लागलीत. अंगणवाडीताईंनी तर रडवेल्या होऊन विचारलं, आमचं काही चुकलं का. सरांनी नुसती मान हलवली आणि आत गेले. ती माणसं पुष्कळ वेळ ओट्यावर बसून राहिली. मग आपापल्या चपला घालून एकेक करून गेली. त्यांतलं कोणीही पुन्हा आलेलं मी पाहिलं नाही, तो गार्ड सोडून. तो अधूनमधून यायचा, 'सरजी, तबियत कैसी है' म्हणून बाहेरूनच विचारायचा आणि जायचा.

वैशालीला हे सगळं समजल्यावर ती खाली गेली आणि सरांसमोर बसली. चूक तुमची नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सर ऐकून घेत होते. मग त्यांनी तिला एक गोष्ट मागितली. म्हणाले, मला नीट म्हणायला शिकव. जसं ती लोकं म्हणत्यात तसं.

मग काही सकाळी उलटा वर्ग भरला. वैशाली मोबाईलवर उच्चार लावायची, स्वतः म्हणायची आणि सरांनी म्हणायचं. ती स्वतःसाठीही तेच करत होती, आणि तिला ते झपाट्यानं जमत गेलं. सरांना जमेना. 'नी' म्हण म्हटलं की ते तोंड उघडायचे, क्षणभर थांबायचे आणि बाहेर यायचं ते 'क्नी'. 'वॉक' म्हणताना जीभ टाळूला लागायचीच. एवढा हट्टानं शिकलेला माणूस, पण एक अक्षर गाळणं त्यांना शिकता येईना. मी जिन्यात उभी राहून बघायची. हसू यायचं नाही.

एका सकाळी त्यांनी वैशालीचा मोबाईल उलटा करून फरशीवर ठेवला.

"मला ते अक्षर दिसतं गं," ते म्हणाले. "शब्दात हाय. सगळ्यांच्या बरोबर उभं हाय. आन् म्हणायचं मातर न्हाई. गावात हाय, पण पंगतीत न्हाई. मला न्हाई जमत."

वैशालीनं त्यांचा हात धरला. सरांनी तो हळूच सोडवून घेतला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि आत गेले.

त्यानंतर सरांनी इंग्रजी टाकलं. आपण मराठी बोलताना किती इंग्रजी बोलतो ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. ते बुधवार म्हणायचे, सुरी म्हणायचे, चहा अर्धा मागायचे. एखादा शब्द मराठीत सापडला नाही तर वाक्य तिथंच सोडून द्यायचे. लोकांना वाटलं, वय झालं, बोलणं कमी झालं. दुकानदार, शेजारी, सगळ्यांना ते आता सोपे वाटायला लागले. मावशींना नाही. त्या मला म्हणाल्या, पूर्वी घरात दोघं असून चार माणसांचा आवाज असायचा.

वैशालीला वर्षभरात पुण्यात दुसऱ्या रुग्णालयात नोकरी मिळाली. जाताना ती सरांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला वाकू दिलं नाही. आज ती तिथं मोठ्या जागेवर आहे. फोनवर एकदा मला म्हणाली, "अजून लिहिताना त्यांचाच आवाज येतो. औषधाचं नाव लिहिलं की मनात अख्खं म्हणते, आणि मगच सही करते. त्यांच्यामुळं माझ्या हातून आजवर चूक झाली नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं." मी म्हटलं, अजून सांग की, फोन कर. ती म्हणाली, दोनदा केला. विषय तिकडं वळला की ते विचारतात, जेवलीस का, आणि फोन मावशींकडं देतात.

मग माझं लग्न झालं, मी कारेगावला राहायला गेले. मावशी वारल्या. शिरूरचं घर बंद झालं आणि सरांचा पुतण्या त्यांना दौंडला आपल्याकडे घेऊन गेला. मी जाऊ जाऊ म्हणत राहिले. शेवटी मागच्या हिवाळ्यात वरवंडला माहेरी आले होते तेव्हा वाट वाकडी करून दौंडला गेले.

रेल्वे लाइनच्या पलीकडं त्यांचं घर. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. वाळले होते, पण गळ्याचं बटण लावलेलं होतं. मला ओळखलं, वरवंडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली, माझ्या मुलीचं नाव विचारलं. वैशाली बरी आहे सांगितलं तर मान हलवली. तिचा निरोप सांगायला मी सुरुवात केली आणि ते म्हणाले, चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई हं, आणि सूनबाईंना हाक मारली.

पुतण्या कष्टाळू माणूस. आप्पा, आप्पा करत त्यांच्या मागं-पुढं असायचा. तो शाळेजवळ दुकान टाकत होता, वह्या-पेनं आणि झेरॉक्सचं. दुकानाच्या बोर्डाचं डिझाइन त्याच्या मोबाईलवर आलं होतं. मला दाखवलं. निळ्या रंगावर पिवळी मोठी इंग्रजी अक्षरं, बाजूला पेन्सिलीचं चित्र. 'स्टेशनरी'मध्ये शेवटी 'आर'च्या आधी 'ए' होता. वह्या-पेनांची स्टेशनरी 'ई'नं लिहितात. 'ए'नं लिहिलं की त्याचा अर्थ जागचं न हलणारं, असा होतो. भलेभले इथं चुकतात आणि मोबाईलही तांबडी रेघ मारत नाही, कारण शब्द दोन्ही खरे. मी बोलणार होते, पण त्याआधीच तो मोबाईल घेऊन आप्पांकडे गेला.

"आप्पा, छापायला पाठवतोय. एकदा नजर टाका."

सरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मोबाईल दोन्ही हातांत धरला. मी कप खाली ठेवला आणि बघत राहिले. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, एका जागी थांबली. ओठ हलले. नक्की हलले, मी समोरच होते. मला वाटलं आता ते बोट वर करतील.

त्यांनी मोबाईल परत दिला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पाठव."

पुतण्यानं तिथंच पाठवून दिलं. सर चष्मा काढून खिशात ठेवत होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे. थोड्या वेळानं निघते म्हटलं तर उठून फाटकापर्यंत आले, नीट जा म्हणाले.

पुतण्या मला मोटारसायकलवर स्टॅंडवर सोडायला आला. मी उतरले आणि त्याला सांगितलं, की भाऊ, तो 'ए' चुकलाय, तिथं 'ई' पाहिजे, अजून छापलं नसेल तर फोन कर. तो माझ्याकडे बघून हसला. माझा मान राखत, समजूत घातल्यासारखा हसला.

"ताई, आप्पांनी बघितलंय की," तो म्हणाला. "त्यांच्या नजरंतनं स्पेलिंग सुटतंय व्हय कवा?"

आणि त्यानं गाडी वळवली.